घरगुती सीएनसी राउटरसाठी लीडस्क्रू कोणता घ्यावा?

लीडस्क्रू घेताना नुसती जाडी बघू नका, लीडही बघा! लीड म्हणजे स्क्रूच्या एका फेऱ्यात नट जेवढा सरकतो ते अंतर.

🔩 सर्रास मिळणाऱ्या ८ मिमी जाडीच्या टी८ स्क्रूची पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) २ मिमी असते, पण बऱ्याचदा त्यावर चार आटे शेजारी-शेजारी फिरतात. म्हणून लीड ८ मिमी. टोकाकडून पाहा, चारही आट्यांची सुरुवात दिसेल.

🔩 २०० स्टेपच्या मोटरवर ८ मिमी लीडला एका पूर्ण स्टेपमागे ०.०४ मिमी सरक मिळते, तर २ मिमी लीडला ०.०१ मिमी. वेग मात्र एक चतुर्थांश होतो.

🔩 उभ्या झेड अक्षाला २ मिमी लीडच बरी. मोटरची वीज गेली तरी स्पिंडल सहसा खाली घसरत नाही.

🔩 लांबी दुप्पट केली, की स्क्रू थरथरायला लागण्याची वेगमर्यादा एक चतुर्थांशावर येते. लांब अक्षाला जाड स्क्रू लावा.

🔩 बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी नट-स्क्रूमधली ढिलाई) कमी करण्यासाठी स्प्रिंगवाला नट वापरा. बजेट असेल तर १६०५ बॉलस्क्रू उत्तम: जाडी १६ मिमी, लीड ५ मिमी.

हार्डवेअरच्या दुकानातला साधा थ्रेडेड रॉड स्वस्त पडतो, पण त्याचे आटे नटबोल्ट आवळण्यासाठी असतात. अक्ष चालवायला तो घेऊ नका.