अधूनमधून बंद पडणाऱ्या सर्व्हरचा माग

१४ सप्टेंबर २००४. संध्याकाळी पाचच्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियाच्या आकाशात उडणाऱ्या वैमानिकांना जमिनीवरून येणारा आवाज ऐकू येईनासा झाला. पामडेल इथल्या हवाई नियंत्रण केंद्राचा विमानांशी असलेला रेडिओ संपर्क तुटला होता. रडारवर विमानं दिसत होती, पण त्यांच्याशी बोलता येत नव्हतं. राखीव यंत्रणा चालू झाली आणि तीही जवळजवळ लगेच कोलमडली. काही विमानं ठरलेल्या अंतरापेक्षा एकमेकांच्या जवळ आली. टक्कर झाली नाही, हे नशीब.

चौकशीत जे निघालं ते ऐकायला अगदीच क्षुल्लक आहे. संपर्क सांभाळणाऱ्या संगणकात वेळ मोजणारा एक आकडा होता. तो मिलिसेकंद मोजायचा आणि त्याला जागा होती ३२ बिटांची. एवढ्या जागेत ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे आकडे मावतात, त्यापुढे एकही नाही. इतके मिलिसेकंद भरायला ४९ दिवस आणि सुमारे १७ तास लागतात. मुदत भरली की यंत्रणा बंद पडणार, हे ठाऊक होतं. म्हणून दर तीस दिवसांनी ती हाताने बंद करून पुन्हा सुरू करायची, असा नियम घालून दिला होता. त्या खेपेला ते राहून गेलं. विंडोज ९५ आणि ९८ मध्येही नेमक्या याच मुदतीचा दोष होता. तो ध्यानात यायला काही वर्षं गेली, कारण त्या काळी घरचा संगणक सलग पन्नास दिवस चालू राहणं हेच नवल होतं.

‘सर्व्हर कधीही बंद पडतो’ अशी तक्रार जगभरातल्या संगणक विभागांत रोज येते. त्यातलं ‘कधीही’ बहुतेक वेळा खरं नसतं. बिघाडाला काहीतरी नियम असतो. तो कोणत्या मापाने मोजायचा, एवढंच तोवर कुणाला सापडलेलं नसतं. पामडेलच्या बाबतीत ते माप होतं सलग चालू राहिल्याचे दिवस. दुसरीकडे ते खोलीचं तापमान असेल, कामाचा बोजा असेल, किंवा सुट्या भागांचा एखादा विशिष्ट लॉट असेल.

शोध अवघड होतो तो पुरावाच नाहीसा होत असल्यामुळे. रस्त्यात तीनदा बंद पडलेली स्कूटर मेकॅनिकसमोर पहिल्याच किकला सुरू व्हावी, तसा रीस्टार्ट झालेला सर्व्हर शहाण्यासारखा चालू लागतो आणि कोसळण्याच्या क्षणी मेमरीत जे काही होतं ते पुसलं गेलेलं असतं. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सोय असते: कोसळता कोसळता मेमरीची प्रत डिस्कवर लिहून ठेवायची. तिला क्रॅश डंप म्हणतात. गंमत अशी, की ही सोय चालू आहे की नाही हे अनेक ठिकाणी पहिला अपघात होऊन गेल्यावरच तपासलं जातं.

डंप मिळाले तर एकावर विसंबू नये. चार-पाच डंप शेजारी ठेवले की चित्र बदलतं. प्रत्येक वेळी सर्व्हर त्याच ड्रायव्हर प्रोग्रॅममधल्या त्याच जागी अडत असेल तर संशय सॉफ्टवेअरवर जातो. एकदा डिस्कच्या कामात, एकदा नेटवर्कच्या, एकदा भलत्याच प्रोग्रॅममध्ये, असं काहीच जुळत नसेल तर मेमरी, प्रोसेसर किंवा वीजपुरवठा तपासायला घ्यावा. आणि डंपच नाही, लॉगमधली शेवटची ओळ रोजच्यासारखी साधी, पुढची ओळ थेट नव्याने सुरू झाल्याची, असं असेल तर ऑपरेटिंग सिस्टीमला तक्रार लिहायलाही वेळ मिळालेला नाही. वीज किंवा हार्डवेअर आधी पाहावं. सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाचा एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. मुख्य यंत्र बंद असलं तरी तो जागा असतो आणि व्होल्टेज, तापमान, पंख्यांचा वेग यांची नोंद ठेवतो. ही नोंद न वाचताच ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकणं ही या धंद्यातली सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत महागडी घाई आहे. तीन तास जातात, हाती असलेल्या खुणाही जातात.

मेमरीची कथा जुनी आणि विलक्षण आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या १६ किलोबिटच्या मेमरी चिपांमध्ये अधूनमधून एखादा बिट उलटा व्हायचा. चिप तपासावी तर धडधाकट. टिमोथी मे आणि मरे वुड्स या तिथल्या संशोधकांनी माग काढला तो चिपच्या सिरॅमिक वेष्टनापर्यंत. त्यात युरेनियम-थोरियमचे सूक्ष्म अंश होते आणि त्यांतून निघणारे अल्फा कण मेमरीतला इवलासा विद्युतभार पुसून टाकत होते. वेष्टनाचा कारखाना ग्रीन नदीच्या काठी होता आणि वरच्या अंगाला युरेनियमची जुनी खाण. दोष असा पाण्यातून आला होता! १९७९ मध्ये आयबीएमचे जेम्स झीग्लर आणि येल विद्यापीठाचे विल्यम लॅनफर्ड यांनी दाखवलं, की अंतराळातून येणारे वैश्विक किरणही हाच उद्योग करू शकतात. पुढे आयबीएमने कोलोरॅडोतल्या लेडव्हिल या तीन हजार मीटरहून उंच गावात चिपा नेऊन चाचण्या घेतल्या. उंचीवर चुका वाढत, जमिनीखाली खडकाआड जवळजवळ थांबत.

यावर उपाय आधीच तयार होता. बेल लॅब्समध्ये रिचर्ड हॅमिंग यांनी शनिवार-रविवारसाठी यंत्राला लावून दिलेली कामं चूक सापडताच यंत्र सोडून द्यायचं. यंत्राला चूक कळते तर ती दुरुस्त का करता येऊ नये, या वैतागातून १९५० मध्ये त्यांनी चूक सुधारणारी संकेतपद्धत प्रसिद्ध केली. सर्व्हरमधली ईसीसी मेमरी त्याच विचारावर चालते: एक बिट बिघडला तर दुरुस्त, दोन बिघडले तर निदान कळतं. हे टाळल्याची किंमत २००० च्या आसपास सन मायक्रोसिस्टिम्सने मोजली. तिच्या महागड्या सर्व्हरांतल्या प्रोसेसरबाहेरच्या कॅशला चूक फक्त ओळखता येत होती, सुधारता येत नव्हती. चूक दिसली की अख्खं यंत्र खाली बसे. कंपनीने काही ग्राहकांकडून गुप्ततेचे करार लिहून घेतले आणि अखेर ‘फोर्ब्ज’ने ते छापलं.

तरीही प्रत्येक बिघाड वैश्विक किरणांच्या माथी मारणं हा आळस आहे. २००९ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलमधले दोन सहकारी यांनी गूगलच्या हजारो सर्व्हरांची अडीच वर्षांची नोंद तपासली. दरवर्षी सुमारे एकतृतीयांश यंत्रांत मेमरीची निदान एक चूक झाली होती. पण चुका सगळीकडे सारख्या विखुरल्या नव्हत्या. ज्या मेमरी पट्टीत एकदा चूक झाली तिच्यातच पुन्हा होण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. आकाशातून पडणारा कण अशी एकच पट्टी धरून बसत नाही. दोष त्या पट्टीतच होता. ‘आपोआप सुधारलेल्या’ चुकांची नोंद म्हणूनच मोलाची असते, आणि नेमकी तीच कुणी उघडत नाही. याच अभ्यासात तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला, हे एसीचा आकडा खाली खाली नेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

यंत्राने दाखवलेला संदेश तरी खरा मानावा का? २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम कोसळू लागले. पडद्यावर संदेश यायचा ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’, आणि ग्राफिक्स कार्ड तर ठणठणीत. हेच प्रोसेसर काही गेम कंपन्यांच्या सर्व्हरांतही होते, तेही पडू लागले. जुलैमध्ये इंटेलने कबूल केलं, की प्रोसेसरचा मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली, पण आधीच झिजलेली चिप त्या दुरुस्तीने बरी होत नव्हती. नवीकोरी असताना ती तपासली असती तर काहीही सापडलं नसतं.

संशयित ठरल्यावरची पद्धत सोपी आहे, फक्त ती पाळायला धीर लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. संशयित मेमरी पट्टी दुसऱ्या सर्व्हरमध्ये घालायची आणि बिघाड तिच्याबरोबर गेला की जुन्या जागीच राहिला, ते पाहायचं. पॉवर सप्लायचंही तसंच. रात्रभर चाललेल्या मेमरी चाचणीत दोष सापडला तर पट्टी नक्की वाईट. न सापडणं हा मात्र चांगुलपणाचा दाखला नव्हे. बायोस आणि डिस्कच्या फर्मवेअरची आवृत्ती पाहायला तर दहा मिनिटंही लागत नाहीत. २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतील असा इशारा दिला होता. १५ बिटांत मावणाऱ्या आकड्यांची ती संख्या आहे, आणि दोष फर्मवेअरमध्ये होता. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्का मग एकाच दिवशी जाणार.

बदल केल्यावर किती दिवस थांबायचं, इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. सर्व्हर सरासरी दर चौदा दिवसांनी, पण अनियमितपणे पडत असेल, तर काहीही दुरुस्त न करतासुद्धा पुढचे चौदा दिवस शांत जाण्याची शक्यता ३७ टक्के असते. ती ५ टक्क्यांवर आणायची तर बेचाळीस दिवस वाट पाहावी लागते, आणि तेवढा वेळ कुठलाच साहेब देत नाही. जाणकार माणसं म्हणून आधी बिघाड लवकर घडवण्याच्या मागे लागतात. रोजचं काम दुसऱ्या यंत्रावर हलवायचं, संशयित यंत्रावर प्रोसेसर आणि मेमरीचा पूर्ण बोजा टाकायचा, दोनपैकी एक पॉवर सप्लाय काढून पाहायचा, कधी उलट यंत्र नुसतंच रिकामं ठेवायचं, कारण काही बिघाड कमी बोजावरच दिसतात. पंधरवड्याने येणारा झटका असा दर दोन तासांनी येऊ लागला, तर दुरुस्ती खरी की खोटी हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळतं.