यंत्रांची स्मरणवही

कारखान्यांत यंत्राच्या दुरुस्तीइतकीच त्या दुरुस्तीची नोंदहि महत्त्वाची असते. उत्तर समुद्रांतील पायपर अल्फा या तेल काढण्याच्या मंचावर ६ जुलै १९८८ रोजीं याचा दारुण प्रत्यय आला. दिवसपाळीनें एका पंपाची सुरक्षा-झडप तपासणीसाठीं काढली होती. पंपाच्या दुरुस्तीचा परवाना वेगळा, झडपेचा वेगळा. दोहोंची सांगड नव्हती. रात्रपाळीस झडपेची वार्ताच नव्हती. दुसरा पंप बंद पडतांच तिनें हाच पंप सुरू केला. ज्वालाग्राही वायु गळून स्फोट झाला आणि १६७ माणसें प्राणांस मुकलीं. लॉर्ड कलन यांच्या १९९० सालच्या चौकशी-अहवालानें परवान्यांच्या या ढिलाईवरच बोट ठेवलें.

संगणकावरील देखभाल-व्यवस्था नेमकी हीच उणीव भरून काढूं शकते. तींत प्रत्येक यंत्रास क्रमांक असतो. त्याखालीं झालेलीं, अपुरीं व पुढें करावयाचीं कामें एकत्र दिसतात. तेल कधीं बदलावयाचें, कोणता सुटा भाग कोठारांत शिल्लक आहे, हेंहि वेळेवर कळतें. त्यामुळें यंत्र अकस्मात् बंद पडण्याचे प्रसंग कमी होतात.

मात्र संगणकास स्वतःचे डोळे नाहींत. कामगारानें नोंदच केली नाहीं, तर तोहि त्या रात्रपाळीइतकाच अजाण राहतो.