ड्रायव्हरचं पासिंग

पहाटे ५.३०

पनवेलहून कळंबोलीला यायला मला पंधरा मिनिटं लागतात, तरी मी अंधारातच निघते. मुंबईत जड वाहनांना शिरायला वेळेची बंधनं आहेत, म्हणून रात्रभर चालून आलेल्या गाड्या इथे येऊन थांबतात. सकाळी सहा ते दहा ड्रायव्हर हाताला लागतो. नंतर कुणी माल खाली करायला जातो, कुणी भाड्यासाठी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो, कुणी गाडीखाली चटई टाकून झोपलेला असतो. झोपलेल्या ड्रायव्हरला मी उठवत नाही. त्याची झोप हेच त्याचं पहिलं औषध आहे.

दवाखाना म्हणजे लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला भाड्याने घेतलेला एक गाळा. आठवड्यातून दोन दिवस मी इथे बसते, सहा वर्षं झाली. पहिले काही महिने कुणी आत येईना. ट्रकवाल्यांसाठी शिबिर म्हणजे एड्सचं, ही समजूत महामार्गावर फार जुनी आहे. त्या कामाने अनेकांना वाचवलं, पण त्यामुळे चार लोकांदेखत दवाखान्यात शिरायला ड्रायव्हर लाजतो. मग मी बाकडं बाहेर उन्हात टाकलं आणि बीपीचं मशीन तिथेच मांडलं. चहाच्या टपरीवरून सगळ्यांना दिसू लागलं की आत काय चालतं.

६.१५

बाकड्यावर चौघं आहेत. पहिली पाच मिनिटं मी कुणालाच हात लावत नाही. केबिनमधून नुकता उतरलेला, तोंडात तंबाखू, एक घोट चहा झालेला असा माणूस मोजला तर आकडा त्याचा नसतो, रस्त्याचा असतो. पाठ टेकवून बसा, पाय जमिनीवर ठेवा, बोलू नका, एवढंच सांगते.

ड्रायव्हरचा उजवा हात बघण्यासारखा असतो. कोपरापासून मनगटापर्यंत तो डाव्या हातापेक्षा दोन छटांनी काळा. वर्षानुवर्षं खिडकीवर टेकलेला, उन्हात भाजलेला. दंड जाड असेल तर मी मोठा पट्टा बांधते, कारण लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच चढतो.

बीड जिल्ह्यातले एक मामा पहिले. वय ५१, बारा टायरची गाडी, नागपूरची फेरी. आकडा आला १७८/१०६. दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतला, १६४/१०२.

“मामा, डोकं दुखतं? गरगरतं?”

“न्हाई मॅडम. मला काय बी होत न्हाई.”

खरं बोलत होते ते. बीपी दुखत नाही, म्हणूनच तो वाढत राहतो. पाटा तुटला तर आवाज येतो, टायर बसला तर स्टेअरिंग ओढतं. रक्तदाबाला असा आवाज नाही. दोन्ही वेळा आकडा १६० च्या वर असला की मी पुढच्या फेरीची वाट बघत नाही, त्याच दिवशी गोळी सुरू करते. कोणती, हेही माणूस बघून ठरवते. लघवी वाढवणारी गोळी स्वस्त आणि चांगली आहे, पण घाटात रांगेत अडकलेला ड्रायव्हर उतरणार कुठे? तो दोन दिवसांत ती बंद करतो. आधीच हे लोक पाणी कमी पितात आणि लघवी दाबून धरतात. मुतखड्याचे पेशंट माझ्याकडे उगाच येत नाहीत. म्हणून अ‍ॅम्लोडिपिन. दिवसातून एकदा, कुठल्याही गावच्या मेडिकलमध्ये मिळते.

कार्डावर आकडा, गोळीचं नाव, पुढची तारीख. हे कार्ड पाकिटात ठेवू देत नाही. पाकीट बदलतं, हरवतं. बिल्टीची फाईल कधी हरवत नाही. कार्ड त्या फाईलमध्ये.

८.००

डोळ्यांसाठी सहा मीटर अंतर लागतं आणि गाळा तेवढा लांब नाही. समोरच्या भिंतीवर आरसा लावून तीनाचे सहा केले आहेत. तक्ता अक्षरांचा नाही, तीन दात्यांच्या फणीसारख्या आकृतीचा: दाते कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. वाचता येतं की नाही हा प्रश्नच येत नाही. शिवाय तो फिरवता येतो. बाकड्यावर बसून आधीच्याची उत्तरं पाठ करणारे भेटतात, म्हणून दर दोन माणसांनंतर मी तक्ता फिरवते.

आज सांगोल्याकडचे एक काका. उजवा डोळा ६/९, ठीक. डावा तपासताना उजवा डोळा तळहाताने झाकायला सांगितला, तर बोटांच्या फटीतून बघत होते. मी पुढे होऊन माझ्या हाताने डोळा झाकला. ६/२४ च्या खाली एकही ओळ नाही. टॉर्चच्या उजेडात बुबुळामागे पांढुरकं दिसलं. मोतीबिंदू.

“रात्री समोरच्या गाडीची लाईट फुटते का, काका?”

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, दीड वर्ष झालं. समोरून गाडी आली की दोन सेकंद काहीच दिसत नाही, रस्ता ओळखीचा आहे म्हणून भागतं. कुणाला सांगितलं नाही, कारण मालक दुसरा ड्रायव्हर बसवेल.

त्या दोन सेकंदांचा हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला. ताशी ६० च्या वेगाने गाडी दोन सेकंदांत तेहतीस मीटर जाते, म्हणजे तेहतीस मीटर डोळे मिटून. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते, डोळा बरा होतो, लायसन जात नाही. तीन-चार आठवडे गाडी बंद ठेवावी लागेल, हे खरं आहे, आणि त्या दिवसांचा पगार कुणी देत नाही, हेही खरं आहे. या दुसऱ्या गोष्टीवर माझ्याकडे गोळी नाही.

रंगांची तपासणी लवकर होते. ठिपक्यांच्या पानांचं पुस्तक असतं, त्यातलं पहिलं १२ चं पान सगळ्यांना दिसतं. पुढची पानं चुकली की ड्रायव्हरचा चेहरा उतरतो. त्यांना मुद्दाम सांगते: जून २०२० पासून सौम्य ते मध्यम रंगदोष असलेल्यांनाही लायसन मिळतं. लपवू नका.

१०.३०

शुगरचं काम दिवसभर चालतं. उपाशीपोटीची शुगर ही कल्पना इथे चालत नाही. रात्री दोनला धाब्यावर जेवलेला माणूस सकाळी सातला उपाशी म्हणायचा की जेवलेला? म्हणून बोटाला टोचून त्या क्षणाची शुगर, आणि संशय आला तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी.

जास्त शुगरपेक्षा मला कमी शुगरची भीती वाटते. आज एक ड्रायव्हर आला, वय ४४. गावच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड दिलेली. सकाळी नाश्त्याआधी घ्यायची गोळी. ती पोटात गेली की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं, मग तुम्ही जेवा किंवा जेवू नका. घरी राहणाऱ्या माणसाला हे चालतं, बायको ताट पुढे ठेवते. हा पहाटे गोळी घेतो, नंबर लागेल म्हणून रांगेत बसतो आणि दोन वाजेपर्यंत पोटात फक्त चहा. “मधूनच घाम फुटतो, हात थरथरतात, किन्नरवर उगाच ओरडतो,” असं तो सांगत होता. किन्नर म्हणजे गाडीवरचा क्लीनर. त्याला वाटत होतं, रात्रीचं जागरण आहे. बोट टोचलं. ६१.

चार चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ९४. तरी लगेच गाडीवर जाऊ दिलं नाही. ब्रिटनमध्ये नियम आहे की शुगर उतरली तर ती ठीक झाल्यावरही ४५ मिनिटं गाडी चालवायची नाही, कारण डोकं उशिरा जागेवर येतं. मी तोच नियम पाळते. त्या वेळात गोळी बदलून मेटफॉर्मिनवर आणलं, जी एकटी घेतली तर शुगर सहसा खाली पाडत नाही. केबिनमध्ये गिअरजवळ हाताला लागेल अशी साखरेची पुडी ठेवायला सांगितली. मागे पेटीत नको.

गोळी लिहून देणाऱ्याला मी दोष देत नाही. पेशंट काय काम करतो, हे विचारायचं राहून गेलं एवढंच. औषध लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे, हा एक प्रश्न विचारा. सर्दीच्या गोळीआधीसुद्धा. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी झोप येते, आणि ती घेऊन माणूस रात्री खंबाटकीचा घाट उतरत असतो.

१.००

भाजी-भाकरी. बाहेर ऊन फार आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिनची सक्ती आली. या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या जुन्या गाड्या अजून कित्येक वर्षं चालतील.

२.३०

दुपारी सहा गाड्यांचे एक मालक आले. आपल्या ड्रायव्हरच्या लायसनच्या नूतनीकरणासाठी नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरी दाखला, हवा होता. “ड्रायव्हर गाडीवर आहे, तुम्ही सही द्या, फोटो आणलाय.”

मी सही दिली नाही. त्या कागदावर छापलेलं असतं की अर्जदाराला मी स्वतः तपासलं आहे. न तपासता सही मिळते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मोतीबिंदूवाल्या काकांच्या लायसनवरही अशाच एका सहीचा आधार आहे.

तपासून दिला तरी हा फॉर्म अपुरा आहे. पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट दिसते का, रंगदोष आहे का, ऐकू येतं का, रातांधळेपणा आहे का, हातपाय धड आहेत का, हे सगळं तो विचारतो आणि ते हवंच. पण त्यात रक्तदाबाचा रकाना नाही, शुगरचा नाही, झोपेचा नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने व्यावसायिक लायसनची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. चाळिशीतला ड्रायव्हर पाच वर्षांत कुठल्या कुठे जातो.

मालकांना विचारलं, “गाडीचं पासिंग किती वर्षांनी करता?”

“आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.”

“आणि ती चालवणाऱ्याचं?”

त्यांनी उत्तर दिलं नाही, पण ते उठूनही गेले नाहीत. मग मी त्यांना इथेच भेटलेल्या एका पाजींची गोष्ट सांगितली. त्यांचा पुतण्या कॅलिफोर्नियात ट्रक चालवतो. तिथे मेडिकल कार्ड फार तर दोन वर्षांचं मिळतं, बीपी थोडा जास्त असेल तर एकाच वर्षाचं, आणि १८० च्या वर असेल तर तो उतरेपर्यंत गाडी नाही. ब्रिटनमध्ये पंचेचाळिशीपासून दर पाच वर्षांनी डॉक्टरांकडे जावं लागतं, पासष्टनंतर दरवर्षी. आपल्याकडे कायद्याने एवढं होईल तेव्हा होईल. सहा ड्रायव्हर पाळीपाळीने पाठवायला कायदा लागत नाही. जाताना त्यांनी दोघांची नावं लिहून दिली आणि तपासणीच्या दिवसाचा पगार कापणार नाही असं कबूल केलं. आजच्या दिवसातली सर्वांत मोठी गोष्ट मी हीच मानते.

५.००

संध्याकाळी निघायच्या तयारीतले येतात. ताडपत्री बांधून झालेली असते, किन्नर टायरवर हातोडी मारून हवा बघत असतो. या वेळी मी टेप काढते आणि गळ्याचा घेर मोजते. पुरुषाच्या गळ्याचा घेर सतरा इंचांच्या वर असला की पुढचे प्रश्न विचारायचे: घोरता का, सकाळी डोकं जड असतं का, सिग्नलला डुलकी लागते का. ड्रायव्हरकडून तिन्हींचं उत्तर “नाही” असंच येतं. डुलकी लागते हे कबूल करणारा ड्रायव्हर मी अजून पाहिला नाही.

म्हणून किन्नरला विचारते. तो त्याच केबिनमध्ये झोपतो. आजचा पोरगा अठरा-एकोणीसचा असेल.

“बाळा, उस्ताद घोरतात का रे?”

पोरगा उस्तादाकडे बघून हसला. मग गंभीर झाला. “मॅडम, घोरता घोरता आवाज बंद होतो. श्वासच न्हाई. मी एकदा घाबरून हलवलं त्यांना. मग मोठ्यांदा फुर्र करून परत सुरू.”

घोरताना श्वास अडकणं, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया. गळ्यातला मार्ग झोपेत मिटतो, प्राणवायू उतरतो, मेंदू माणसाला क्षणभर जागा करतो, आणि हे रात्रीत कित्येकदा. आठ तास पडूनही झोप होत नाही. असा माणूस दिवसाउजेडीही स्टेअरिंगवर पेंगतो. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, पण तो पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्यांनाच लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्यात येतच नव्हता. तासांची मोजदाद नाही, झोपेची तपासणी नाही, आणि अपघात झाला की पंचनाम्यात “चालकाचा निष्काळजीपणा”.

या उस्तादांना झोपेच्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली. तोवर कुशीवर झोपा, झोपण्याआधी दारू नको, वजन उतरवा, पहाटे दोन ते पाच गाडी बाजूला लावा, असं सांगितलं. पोरगा सगळं लक्ष देऊन ऐकत होता. त्याला माझा फोन नंबर दिला. उस्ताद विसरतील, तो विसरणार नाही.

७.३०

रजिस्टर लिहिते. आज एकोणचाळीस जण. नवीन बीपी सात, नवीन शुगर चार, चष्म्याचे नंबर अकरा, मोतीबिंदू दोन. तोंड तीन बोटंही उघडत नाही असे तिघं, गुटखा खाणारे. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे आणि तरी या तिघांच्या खिशात पुड्या होत्या. तिघांनाही दंतरुग्णालयाची चिठ्ठी दिली.

शेवटचं काम फोनचं. तीन आठवड्यांपूर्वी गोळी सुरू केलेले एक ड्रायव्हर धुळ्याजवळ धाब्यावर थांबले होते. गावातल्या आरोग्य केंद्रात मोजून घेतलं म्हणाले, १३८/८८. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू का, हा प्रश्न ठरलेला. नाही, बरं वाटतंय ते गोळीमुळे.

वाचकांत कुणाची एक जरी गाडी रस्त्यावर असेल तर त्यांना सांगणं आहे. पुढच्या वेळी गाडी पासिंगला लावाल, त्या दिवशी ड्रायव्हर मोकळाच असतो. त्याला पगारी सुट्टी देऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवा. बीपी, शुगर, दोन्ही डोळे वेगवेगळे, आणि झोपेचे तीन प्रश्न. एका सकाळीत होतं. किन्नरलाही बरोबर पाठवा.