इतर परिस्थिती कायम असताना

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हा शब्दप्रयोग पानोपानी भेटतो. किंमत उतरली की मागणी वाढते, पण केव्हा? तर इतर परिस्थिती कायम असताना. पदार्थविज्ञानासारख्या काटेकोर शास्त्राचाही संसार याच अटीवर चालतो, हे यंदा माझ्या वाचनात आले. विषय होता लेसरच्या प्रकाशात अणूतून निघणारे उपस्वर आणि त्यांचे संगणकावरील गणित. कलाशाखेच्या मुलीने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण माझ्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. कोणता विषय आपला आणि कोणता परका, हे मला अजून कोणी शिकवलेले नाही!

उपस्वर आपल्याला भजनामुळे ठाऊक आहेत. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की कोणत्याही तारेत न लावलेला गंधार ऐकू येतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मूळ कंपनाच्या पाचपट कंपनांचा तो उपस्वर. प्रकाश हेही एक कंपनच. १९८७ साली फ्रान्समध्ये अ‍ॅन ल्हुइलिए यांनी अवरक्त लेसर निष्क्रिय वायूतून सोडला, तेव्हा त्यातून प्रकाशाचे अनेक उपस्वर निघाले. १९८८ मध्ये अरगॉन वायूतून तेहतीसपटीपर्यंतचे उपस्वर मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. अशा उपस्वरांच्या मिश्रणातून अ‍ॅटोसेकंदांत मोजावे लागणारे प्रकाशाचे स्पंद तयार होतात. अ‍ॅटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा अब्जांश. या कार्यासाठी २०२३ चे नोबेल पारितोषिक ल्हुइलिए, पिएर अगोस्तिनी आणि फेरेन्झ क्राउझ यांना मिळाले.

हे घडते कसे? लेसरचे विद्युतक्षेत्र अणूच्या कडेचा इलेक्ट्रॉन ओढून बाहेर काढते. क्षेत्राची दिशा पालटली की तोच इलेक्ट्रॉन माघारी फेकला जातो, आणि अणूत पुन्हा सामावताना वाटेत कमावलेली ऊर्जा प्रकाशरूपाने टाकून देतो. दर अर्ध्या हेलकाव्याला हे घडते, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. म्हणून वायूत तीनपट, पाचपट, सातपट असे विषम उपस्वरच उमटतात. १९९३ साली कॅनडाचे पॉल कॉर्कम यांनी हे चित्र मांडले. ते इतके सोपे आहे की मला आधी संशयच आला.

खरी अडचण पुढे आहे. इलेक्ट्रॉन हा काही चेंडू नव्हे; तो लहरीने वर्णावा लागतो आणि त्या लहरीचे मूल्य जागोजागी काढावे लागते. लांबी, रुंदी, उंची यांचे प्रत्येकी १०० बिंदू घेतले तर एका इलेक्ट्रॉनसाठी १० लाख आकडे होतात. दोन इलेक्ट्रॉन घेतले तर २० लाख होत नाहीत. एकाची प्रत्येक जागा दुसऱ्याच्या प्रत्येक जागेशी जोडून पाहावी लागते, म्हणून १० लाख गुणिले १० लाख, म्हणजे १ लाख कोटी! अरगॉनमध्ये १८ इलेक्ट्रॉन असतात. तिथे १ वर १०८ शून्ये येतात, जपमाळेच्या मण्यांइतकी. आणि हे सारे क्षणाक्षणाला नव्याने मोजायचे. जगातल्या कोणत्याही संगणकाला हे झेपणारे नाही.

मग शास्त्रज्ञ आमच्या अर्थशास्त्रज्ञांचीच वाट धरतात. बाहेरचा एक इलेक्ट्रॉन हलता ठेवायचा आणि बाकीचे जागच्या जागी बसले आहेत असे धरून चालायचे. या युक्तीने पुष्कळ उत्तरे ठीक येतात. पण झेनॉनने तिची मर्यादा दाखवली. २०११ मध्ये कॅनडातील प्रयोगात झेनॉनच्या उपस्वरांत १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास प्रकाश एकाएकी वाढलेला दिसला. एकट्या इलेक्ट्रॉनच्या गणितात तो येईना. परतणारा इलेक्ट्रॉन आतल्या थरातील इलेक्ट्रॉनांना धक्का देतो, आपली ऊर्जा त्यांना देतो, आणि मग प्रकाश निघतो, असा उलगडा झाला. गप्प बसलेले म्हणून ज्यांना हिशेबातून वगळले, तेच बोलत होते! उपस्वरांवरून अणूच्या आतील हालचाल ओळखायची असल्याने असे वगळणे महागात पडते.

यावर आयर्लंड बेटावरील बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांची तोड मला फार आवडली. अणूभोवती ते एक वेस कल्पितात. वेशीच्या आत सर्व इलेक्ट्रॉनांच्या परस्परसंबंधांचा विचार. वेशीबाहेर गेलेल्या इलेक्ट्रॉनचे गणित मात्र एकट्याचे. बाहेर जागा विस्तीर्ण पण माणूस एकच, आत गर्दी पण जागा थोडी. दोन्ही हिशेब वेशीवर तंतोतंत जुळले पाहिजेत. तरीही काम एका संगणकाचे नसते. ते हजारो गणनयंत्रांत वाटून द्यावे लागते.

असे काम वाटून घेणारे यंत्र महाराष्ट्रात १९९१ साली तयार झाले. पुण्याच्या ‘सी-डॅक’चा ‘परम ८०००’ हा तो महासंगणक, आणि त्यामागचे डॉ. विजय भटकर आपल्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले. आज मुंबईत पवईच्या आय.आय.टी.त उपस्वरनिर्मितीचा सैद्धांतिक अभ्यास होतो. तिथे वायूंबरोबर घन पदार्थांतून निघणाऱ्या उपस्वरांचाही विचार चालतो. घन पदार्थात तर अणू एकमेकांना खेटून बसलेले. तिथे कोणाला कायम धरायचे आणि कोणाला हलते ठेवायचे, हा प्रश्न आणखीच बिकट आहे.