नवी किल्ली केली, तरी जुनं कुलूप उघडत नाही

मागच्या महिन्यात तुमसरचे एक पालक लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले. मुलगा रियाधला नोकरीला. घरचे कागद परक्याच्या हाती लागू नयेत म्हणून त्याने वडिलांना थंडरबर्डमधून कुलूपबंद ईमेलची सोय करून दिली होती. पुढे लॅपटॉप बिघडला, दुरुस्तीत फॉरमॅट झाला. भाच्याने थंडरबर्ड पुन्हा टाकून नवी की बनवली. तेव्हापासून जुना एकही मेल उघडेना. "सर, पासवर्ड तर बरोबर टाकतो आहे!"

पासवर्ड बरोबरच होता. हरवली होती ती किल्ली.

ई-आधारच्या पीडीएफला एकच पासवर्ड असतो. ज्याला तो माहीत, त्याला फाईल उघडते. या मेलचं तसं नाही. इथे दोन चाव्या जोडीने बनतात, पब्लिक की आणि प्रायव्हेट की. आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो, म्हणून पितळेचंच उदाहरण घेऊ. समजा, आपण एकसारखी शंभर पितळी कुलपं घडवली आणि उघडीच नातेवाइकांना वाटली. पेटीला ते कुलूप कोणीही लावू शकतो. उघडणारी किल्ली मात्र आपल्याच खिशात. वाटलेलं कुलूप म्हणजे पब्लिक की, खिशातली किल्ली म्हणजे प्रायव्हेट की. नवी जोडी बनवली तरी ती जुन्या कुलपांना लागत नाही.

मेल उघडत नसेल तर आम्ही चार गोष्टी तपासतो.

पहिली, पाठवणाऱ्याने कोणती पब्लिक की वापरली? त्याच्याकडे आपली जुनी असेल तर नवी पाठवा आणि मेल पुन्हा मागवा.

दुसरी, जुनी प्रायव्हेट की पेन ड्राइव्हवर किंवा जुन्या कॉम्प्युटरवर आहे का? असेल तर थंडरबर्डमध्ये इम्पोर्ट करा, जुने मेल उघडतील.

तिसरी, मुदत संपली म्हणून कोणी की डिलीट तर केली नाही? थंडरबर्ड नव्या कीला सहसा 3 वर्षांची मुदत देतं. ती संपली की त्या कीवर नवा मेल पाठवता येत नाही, पण जुने मेल तिनेच उघडतात. म्हणून ती जपून ठेवा.

चौथी, प्रायव्हेट की कोणाला व्हॉट्सअॅपवर पाठवली होती का? मदत मागताना अनेक जण हेच करून बसतात. पाठवली असेल तर ती रद्द करून नवी जोडी बनवा. जुनी मात्र जुन्या मेलसाठी आपल्याजवळ राहू द्या.

त्या पालकांचं अर्धं काम झालं. मुलाला नवी पब्लिक की पाठवली. त्याच्याकडच्या प्रती त्याच्या स्वतःच्या किल्लीने उघडत होत्या, त्या त्याने पुन्हा पाठवल्या. पण त्यांच्या मरहूम भावाने याच पद्धतीने पाठवलेला शेताच्या वाटणीचा हिशोब मेलबॉक्समध्ये दिसतो, वाचता येत नाही. पुन्हा पाठवणारा माणूसच राहिला नाही. अशा वेळी मेल कंपनीही काही करू शकत नाही, कारण किल्ली तिच्याकडे कधी नव्हतीच.

म्हणून ज्यांच्या घरी ही सोय आहे, त्यांनी आजच थंडरबर्डच्या की मॅनेजरमधून सीक्रेट कीचा बॅकअप घ्यावा. त्याला पासवर्ड द्यावा, पेन ड्राइव्ह घरच्या कागदांसोबत कपाटात ठेवावा. आणि फॉरमॅटला होकार देण्याआधी एकदा विचारावं: किल्ली बाहेर काढली का?