सुटकेची कथा आणि तिचा पुरावा

वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य क्षेत्राने लहान आहे. त्याचा विस्तार अवघा १८ चौरस किलोमीटरांच्या आसपास भरतो. गवताळ माळ आणि त्याला लागून असलेली शेते यांत काळविटांचे कळप वावरतात. पाडस जन्मल्यावर पहिले सुमारे दोन आठवडे मादी त्याला गवतात किंवा पिकात दडवून ठेवते, स्वतः दूर चरते आणि अधूनमधून येऊन पाजून जाते. माणूस जवळ आला तरी असे पाडस सहसा पळत नाही. मान जमिनीला टेकून निश्चल पडून राहते. ही सवय ज्यास ठाऊक नाही, त्याला ते अनाथ किंवा आजारी वाटते. तो दयाबुद्धीने त्यास उचलून घरी आणतो, बाटलीने दूध पाजतो, आणि आईवेगळे पाडस वाचविल्याची हकीकत सांगू लागतो. तो खोटे बोलत नसतो. परंतु वस्तुतः तेथे सुटका झालेली नसते. जिवंत आईपासून तिचे पिल्लू हिरावले गेलेले असते.

या लहानशा उदाहरणात सुटकेच्या कथेचे सर्व घटक आढळतात. प्राणी कोठून आला, त्यास कोणता धोका होता, आणि पुढे त्याचे काय झाले, अशी तिची तीन अंगे असतात. तिन्ही अंगांचा साक्षीदार बहुधा एकच, तो म्हणजे सुटका करणारा. प्राण्याला स्वतःची साक्ष देता येत नाही. गावातील हकीकतीने फार तर एका पाडसाचा तोटा होतो. तथापि जेव्हा एखादी संस्था विदेशी प्राण्यांचा मोठा संग्रह करते, आणि देणग्या, पर्यटकांचे शुल्क व लोकमान्यता या साऱ्यांचा आधार तीच कथा असते, तेव्हा कथेची चिकित्सा करणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

अशा संस्थांना ‘अभयारण्य’ म्हणण्याची जी प्रथा पडू लागली आहे, तिच्याविषयी येथे एक खुलासा आवश्यक आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात अभयारण्य म्हणजे शासनाने घोषित केलेली भूमी होय. कारंजा-सोहोळ हे त्या अर्थाने अभयारण्य आहे. पिंजरे, आवार आणि पशुवैद्यकीय दालने असलेली संस्था मात्र कायद्याच्या दृष्टीने प्राणिसंग्रहालय किंवा बचाव केंद्र असते, आणि तिला १९९२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. इंग्रजी ‘सँक्चुअरी’ या एकाच शब्दात दोन्ही अर्थ सामावल्यामुळे मराठीत हा घोटाळा शिरला. शब्दाची ही ढिलाई निरुपद्रवी नाही; ‘अभय’ या शब्दानेच अर्धी कथा सांगून टाकलेली असते.

कथा आणि वस्तुस्थिती यांतील अंतराचे सर्वांत ठळक उदाहरण थायलंडच्या कांचनाबुरी प्रांतातील व्याघ्रमंदिराचे होय. १९९९ साली तेथे पहिला वाघाचा बछडा आला. चोरट्या शिकाऱ्यांनी आई मारलेले बछडे भिक्षूंनी सांभाळले, अशी कथा जगभर पसरली, आणि बछड्यांसह छायाचित्र काढून घेण्यासाठी पर्यटकांची रीघ लागली. पहिल्या काही बछड्यांपुरती ही कथा खरीही असू शकेल. परंतु वाघांची संख्या वाढत वाढत शंभरावर गेली. अनाथ प्राण्यांची संख्या अशी अखंड वाढत नाही. ती वाढते पैदाशीने. २०१६ साली शासनाने वाघ ताब्यात घेतले तेव्हा शीतकपाटात ४० मृत बछडे सापडले, आणि कातडी व ताईत घेऊन निघालेल्या एका भिक्षूस अडविण्यात आले. येथे खोटेपणा उघड करणारा पुरावा कोणा साक्षीदाराच्या जबानीत नव्हता, तो साध्या गणतीत होता, आणि ती गणती कोणासही फार आधी करता आली असती. २००७ साली स्थापन झालेल्या प्राणी-आश्रयगृहांच्या जागतिक महासंघाने व्यापारी पैदास, खरेदी-विक्री आणि प्रेक्षकांचा प्राण्यांशी प्रत्यक्ष स्पर्श या गोष्टी निषिद्ध मानल्या, त्यामागील तर्कही हाच आहे.

महाराष्ट्रातील प्रकरणे इतकी सरळ नाहीत, आणि म्हणूनच ती अधिक उद्बोधक आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील जोतिबा देवस्थानास २००७ साली अर्पण केलेल्या सुंदर नावाच्या हत्तीस माहुताकडून होणारी मारहाण चित्रफितीत नोंदली गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१४ साली त्यास बंगळूरनजीकच्या बन्नेरघट्टा उद्यानात हलविण्यात आले. येथे धोक्याचा पुरावा सर्वांना दिसण्याजोगा होता. याउलट २०२२ साली विदर्भातील वनविभागाच्या ताब्यातील हत्ती गुजरातेत जामनगर येथील राधे कृष्ण टेम्पल एलिफंट वेल्फेअर ट्रस्टकडे पाठविण्याचे ठरले, तेव्हा त्यांची सुटका नेमकी कोणापासून करावयाची, असा प्रश्न गडचिरोलीत विचारला गेला. ताडोबा व पातानील येथील हत्ती गेले. कमलापूरचे हत्ती स्थानिक विरोधामुळे तेथेच राहिले. हे हत्ती शासनाचेच, शासनाच्याच जंगलातले. त्यांतील काहींच्या वार्धक्याचा व उपचारांचा मुद्दा रास्त असेलही. पण तो स्थलांतराचा मुद्दा होता, सुटकेचा नव्हे.

या साऱ्या गुंतागुंतीचा कळस २०२५ साली नांदणीच्या महादेवी ऊर्फ माधुरी हत्तिणीच्या प्रकरणात झाला. नांदणी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील गाव. तेथील जिनसेन भट्टारक मठ हे दिगंबर जैनांचे जुने पीठ. भट्टारक परंपरा वाशीमच्या वाचकास अपरिचित नाही, कारण कारंजा हे बलात्कार गण, सेन गण व काष्ठा संघ या शाखांच्या भट्टारकपीठांचे विदर्भातील प्रसिद्ध स्थान आहे. इंद्राच्या ऐरावताची कल्पना जैन पूजाविधीत रुजलेली असल्याने पंचकल्याणक महोत्सवाच्या मिरवणुकीत हत्तीस मानाचे स्थान असते. महादेवी १९९२ पासून नांदणीस होती. मठाच्या लेखी ती परंपरेचा जिवंत अंश होती. गावाच्या लेखी घरातलीच होती.

दुसऱ्या बाजूस पेटा इंडिया या संस्थेची तक्रार होती. बंदिवासातील हत्तींच्या प्रकरणांसाठी त्रिपुरा उच्च न्यायालयाने नेमलेल्या, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने कार्यक्षेत्र देशभर विस्तारलेल्या, न्यायमूर्ती दीपक वर्मा यांच्या उच्चाधिकार समितीपुढे ती गेली. पायांचे विकार, अंगावरील जखमा, साखळदंड आणि एकाकीपणा यांचा उल्लेख तपासणीत आला. तेलंगणातील मिरवणुकांसाठी परवानगीवाचून नेल्याची बाबही मांडली गेली. समितीने हत्तिणीस जामनगरला पाठविण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०२५ रोजी तो कायम केला. मनुष्याच्या धार्मिक विधींसाठी हत्तीचा उपयोग करण्याच्या हक्कापेक्षा हत्तीचे जीवन व आरोग्य न्यायालयास अधिक मोलाचे वाटले. सर्वोच्च न्यायालयातही मठास यश आले नाही, आणि जुलैअखेर महादेवी नांदणीहून गेली. ऑगस्टच्या प्रारंभी नांदणी ते कोल्हापूर असा प्रचंड पायी मोर्चा निघाला; जामनगरच्या ‘वनतारा’ या प्रकल्पामागे असलेल्या उद्योगसमूहाच्या दूरध्वनी सेवेवर अनेकांनी बहिष्कार टाकला.

या क्षणी कथेने जे वळण घेतले, ते विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पेटाच्या लेखी ही दीर्घ एकाकीपणातून झालेली सुटका होती. परंतु वनताराने असे स्पष्ट केले की स्थलांतराचा पुढाकार आपला नव्हता, न्यायालयाच्या आदेशानुसार आपण केवळ हत्तीस स्वीकारले. ६ ऑगस्ट रोजी तर नांदणी परिसरातच तिच्यासाठी पुनर्वसन केंद्र उभारण्यास साहाय्य करण्याची तयारी त्याच संस्थेने जाहीर केली. म्हणजे एकाच घटनेस तक्रारदार संस्था सुटका म्हणत होती, मठ वियोग म्हणत होता, आणि स्वीकारणारी संस्था आज्ञापालन म्हणत होती. हत्तिणीच्या पायांचा विकार या तिन्ही कथांत सारखाच राहिला. जखम खरी असल्याने सुटकेची संपूर्ण कथा सिद्ध होत नाही, त्याचप्रमाणे कथेविषयी संशय असल्याने जखम नाहीशी होत नाही. चळवळीच्या आवेशात दोन्ही बाजूंस या भेदाचा विसर पडला, असे म्हणणे भाग आहे.

विदेशी प्राण्यांच्या बाबतीत मात्र कथेची पडताळणी करण्याचे आणखी एक साधन उपलब्ध असते, ते म्हणजे सीमेवरची कागदपत्रे. संकटग्रस्त प्राण्यांच्या व्यापारासंबंधीच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखालील परवान्यावर प्राण्याचा उगम व आणण्याचा हेतू एकेका अक्षराने नोंदलेला असतो: रानातून पकडलेला असेल तर ‘डब्ल्यू’, बंदिवासात पैदास झालेला असेल तर ‘सी’, जप्त केलेला असेल तर ‘आय’, हेतू व्यापाराचा असेल तर ‘टी’, प्राणिसंग्रहालयाचा असेल तर ‘झेड’. ज्या प्राण्याची कथा सुटकेची आहे पण परवान्यावर ‘सी’ आणि ‘झेड’ ही अक्षरे आहेत, त्याच्याविषयी विचारण्याचा प्रश्न उघड आहे: पैदास करणाऱ्याने तो दिला कसा, आणि मोबदला किती घेतला?

हाच प्रश्न वनताराच्या संदर्भात उपस्थित झाला. सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑगस्ट २०२५ रोजी निवृत्त न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त हेमंत नगराळे हे त्याचे एक सदस्य होते. पथकास नियमभंग आढळला नाही, आणि १५ सप्टेंबर रोजी न्यायालयाने तो अहवाल स्वीकारला. त्याच महिन्यात ‘साइट्स’च्या सचिवालयाचे पथक येऊन गेले. त्याच्या अहवालात तेथील सोयी व पशुवैद्यकीय व्यवस्था उच्च दर्जाच्या असल्याची नोंद आहे. परंतु काही प्राण्यांच्या उगमाविषयी व व्यवहाराविषयी अधिक काटेकोर तपासणी हवी, असेही त्यात म्हटले आहे. चेक प्रजासत्ताकाच्या अधिकाऱ्यांनी काही प्राणी विकले गेल्याचे सांगितले, तर भारतीय बाजूचे म्हणणे असे की दिलेली रक्कम विमा व वाहतुकीची होती. तपासणीची व्यवस्था सुधारेपर्यंत नवे आयात परवाने थांबवावेत, ही सचिवालयाची शिफारस नोव्हेंबर २०२५ मध्ये समरकंद येथील बैठकीत स्थायी समितीने मान्य केली नाही. कायद्याचा भंग झाला काय, या प्रश्नास न्यायालयाने उत्तर दिले आहे. एखादा प्राणी वाचविला गेला की मिळविला गेला, हा त्याहून निराळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रत्येक प्राण्यागणिक द्यावे लागेल, आणि ते पावतीवाचून देता येणार नाही.

कथेचे तिसरे अंग, म्हणजे पुढे काय झाले, हे सर्वांत कमी तपासले जाते. प्राणी नव्या आवारात शिरल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले की वाचकाचे कुतूहल संपते; मृत्यूची नोंदवही कोणी मागत नाही. थायलंडच्या व्याघ्रमंदिरातून २०१६ साली शासनाने ताब्यात घेतलेल्या वाघांची संख्या १४७ होती. या वेळी सुटका करणारे शासन होते, आणि कारणही निर्विवाद होते. २०१९ पर्यंत त्यांपैकी ८६ वाघ मेले. अधिकाऱ्यांनी त्याचा दोष मंदिरातील आप्तसंकराने क्षीण झालेल्या प्रतिकारशक्तीस व संसर्गास दिला. मंदिराच्या बाजूने तो सरकारी पिंजऱ्यांच्या अपुऱ्या आकारास देण्यात आला.