कारखाना बंद, गाडी चालू!

मित्रांनो, एक कोडं घालू? एक अशी मोटारसायकल आहे, जिची किक आणि गिअरचा दांडा एकच! दांडा आत दाबून उभा केला, की झाली किक. इंजिन सुरू झालं की तोच दांडा आडवा, आणि झाला गिअर. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर मात्र दोन. ओळखा पाहू!

बरोबर, जावा! आणि तिची धाकटी बहीण येझदी.

आता समजा, तुम्ही आष्टीत राहता आणि आजोबांच्या पडवीत पोत्यांखाली अशीच एक जुनी जावा उभी आहे. टायर बसलेत, टाकीवर धुळीचा थर. घरातलं कुणी म्हणतं, "भंगारात देऊन टाका." आजोबा म्हणतात, "थांबा, ती मेलेली नाही." कुणाचं खरं? चला, शोधून काढू या.

आधी गाडीची जन्मकथा. चेकोस्लोव्हाकिया देशात फ्रांतिशेक यानेचेक नावाचे कारखानदार होते. 1929 साली त्यांनी जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकलचा आराखडा विकत घेतला. यानेचेकमधलं 'या' आणि वांडररमधलं 'वा' जोडून नाव झालं 'यावा'. आपण रोमन अक्षरं वाचून तिला 'जावा' म्हणतो, एवढंच! पुढे म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना निघाला आणि 1961 पासून गाड्या तिथे तयार होऊ लागल्या. 1973 पासून त्या 'येझदी' नावानं विकल्या गेल्या. 1996 साली हा कारखाना बंद पडला.

2018 साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आलं खरं, पण ही नवी गाडी फोर-स्ट्रोक इंजिनाची आहे. तिच्या इंजिनाचे भाग आजोबांच्या गाडीला काय कामाचे? म्हणजे जुनी जावा आज धावते ती कारखान्याच्या जिवावर नाही, तर घरच्या अंगणात पाने-पेचकस घेऊन बसणाऱ्या माणसांच्या जिवावर. आष्टीसारख्या गावात तर ही सवय जुनीच. इथे रेल्वे आली 2022 साली. त्याआधी एखादा भाग आणायचा म्हणजे एसटीनं अहिल्यानगर (तेव्हाचं अहमदनगर) गाठायचं! त्यामुळे बदलण्याआधी दुरुस्त करून पाहायचं, हे ओघानंच आलं.

पण दुरुस्त करायचं तर आत काय चालतं ते कळायला हवं. जुन्या जावाचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टन वर-खाली होताना स्वतःच सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतो आणि झाकतो. एका भोकातून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत, दुसऱ्यातून धूर बाहेर. जावाच्या 250 मॉडेलच्या सिलिंडरचा व्यास 65 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 75 मिलिमीटर. घ्या बरं वही, आणि वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र लावा. उत्तर साधारण 249 घन सेंटिमीटर येईल. म्हणून ती 'अडीचशे सीसी'ची गाडी!

गाडी किक मारून सुरू होत नसेल, तर तिला तीन प्रश्न विचारायचे. तेही याच क्रमानं.

पहिला प्रश्न: ठिणगी पडते का? प्लग काढून त्याचा रंग पाहा. विटकरी-तपकिरी असेल तर तब्येत ठीक. काळाकुट्ट, ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होतंय. पांढुरका असेल तर इंजिन फार तापतंय, पेट्रोल कमी मिळतंय. ठिणगीच नसेल, तर बॅटरी आणि पॉइंट तपासायचे. पॉइंट म्हणजे दोन छोटे धातूचे तुकडे. ते उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. त्यांच्यावर काजळी बसली, की बारीक पॉलिश पेपरनं हलकेच पुसायची आणि फट फिलर गेजनं मोजायची. ती साधारण 0.4 मिलिमीटर असते. एवढीशी चुकली तरी गाडी अडून बसते!

दुसरा प्रश्न: पेट्रोल पोचतं का? बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीत पेट्रोल सुकून डिंकासारखं चिकट होतं आणि टाकी आतून गंजते. हा गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. ते तारेनं कोरायचं नाही, भोक मोठं होतं! सायकलच्या पंपानं हवा मारून साफ करायचं.

तिसरा प्रश्न: दाब आहे का? किक हातानं हळूच दाबून पाहा. ती अडखळायला हवी. बिनविरोध खाली गेली, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात. हे काम मात्र मिस्त्रीकाकांचं.

क्रम का पाळायचा? कारण बहुतेक जण एकदम चार गोष्टी बदलतात. मग गाडी सुरू झाली तरी बिघाड कशात होता ते कळतच नाही, आणि पैसे जातात ते वेगळेच. एका वेळी एकच गोष्ट करा. गाडी सुरू होते का पाहा. मगच पुढची.

या इंजिनाला एक गोष्ट विसरलेली मुळीच चालत नाही, ती म्हणजे ऑइल! टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. प्रमाण गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. समजा, 25 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल, तर 5 लिटर पेट्रोलमध्ये ऑइल किती? 200 मिलिलिटर! हे विसरलात, तर चालत्या गाडीत पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो, चाक थबकतं आणि माणूस पडू शकतो. आणि उगाच जास्त घातलंत, तर धुराचा लोट निघतो, सायलेन्सर काजळीनं कोंदतो.

आता तुमचं काम. सुट्या भागांसाठी एक जुनी परात घ्या. नट जसे निघतील तसे ओळीनं मांडा. बसवताना उलट्या क्रमानं यायचं. एक वही करा. प्रत्येक भागाचं चित्र, काढल्याची तारीख, काय केलं, काय झालं, सगळं लिहा. आजोबा नि मिस्त्रीकाका आवाज ऐकून दोष ओळखतात, पण ते कुठे लिहून ठेवतात? त्यांना विचारा, "काका, हे तुम्हाला कसं कळलं?" आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. कारखाना बंद पडला तरी गाडी चालते, पण जाणणारी माणसं गेली आणि मागे काहीच लिहिलेलं नसलं, तर मग मात्र तिला भंगाराचाच रस्ता!

काही गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. मोठं माणूस जवळ असल्याशिवाय गाडी उघडायची नाही. पेट्रोलजवळ चूल, दिवा, काडेपेटी नको. ठिणगी पाहताना प्लगच्या भोकापासून लांब राहा, आणि पेट्रोलचा डबा दूर. बंद खोलीत इंजिन कधीच सुरू करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो जीव घेतो. चालू इंजिनाच्या चेनजवळ बोटं न्यायची नाहीत. आणि गिअरची मोटारसायकल चालवायची ती 18 वर्षं पूर्ण झाल्यावर, परवाना काढूनच!

आई-बाबांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, मग दर 5 वर्षांनी नवी करावी लागते. तेव्हा पाना हाती घेण्याआधी कागदपत्रं शोधा.

मग? येत्या रविवारी पोती बाजूला करायची ना? आधी फक्त धूळ पुसा, प्लग काढा आणि त्याचा रंग पाहा. वहीच्या पहिल्या पानावर तोच लिहा.